‘थ्री फाइल्स अँड लेटर’: प्रिपोझिशननंतर एक नाम अनेकवचनी, दुसरं एकवचनी असेल तर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. ऑफिसच्या ईमेलमध्ये तुम्ही लिहिलंत, ‘द पार्सल विथ थ्री फाइल्स अँड लेटर वॉज सेंट टुडे’. साहेब म्हणाले, ‘विथ’नंतर दोन्ही नामं एकाच वचनात हवीत, तेव्हा ‘लेटर’चं ‘लेटर्स’ करा. शेजारी बसणाऱ्या सहकारी म्हणाल्या, ‘विथ’ दोनदा लिहा. आणि तुम्हाला स्वतःला शंका आली की एवढ्या वस्तू आहेत म्हटल्यावर ‘वॉज’ऐवजी ‘वेअर’ हवं का.

वाक्यात चूक आहे, पण तुम्ही तिघं जिथे शोधताय तिथे नाही. पत्र एकच असताना ‘लेटर्स’ लिहिलं तर व्याकरणाच्या नावाखाली चुकीची माहिती जाईल. पार्सल उघडणारा माणूस दुसरं पत्र शोधत बसेल. चूक आहे ती ‘लेटर’च्या आधीच्या रिकाम्या जागेत. तिथे ‘अ’ हवा: ‘विथ थ्री फाइल्स अँड अ लेटर’. ‘विथ’ एकदाच पुरे. ‘वॉज’ही बरोबर आहे. हे असं का, ते नीट समजून घेतलंत तर पुढची बरीच वाक्यं विचारावी लागणार नाहीत. इंग्रजी अहवाल आणि करारांचे मसुदे तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या जातीच्या चुका मला त्यात सतत भेटतात.

पहिली गोष्ट: प्रिपोझिशनला, म्हणजे नामाच्या आधी येऊन त्याचा बाकी वाक्याशी संबंध जोडणाऱ्या शब्दाला, वचनाशी काहीही देणंघेणं नसतं. ‘विथ’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘टू’ यांच्यामागे एकवचन येवो, अनेकवचन येवो, दोन्हींची सरमिसळ येवो, त्यांची हरकत नाही. त्यांचा आग्रह एकच, तोही सर्वनामांपुरता: ‘आय’ (I) नको ‘मी’ (me) हवं, ‘ही’ (he) नको ‘हिम’ (him) हवं. म्हणून ‘फॉर द चिल्ड्रन अँड मी’ बरोबर आणि ‘फॉर द चिल्ड्रन अँड आय’ चूक, मग ते कितीही साहेबी वाटो. पण वचनं जुळवून घ्या असं कुठलंही प्रिपोझिशन सांगत नाही. साहेबांचा नियम कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. ‘बॉइज अँड गर्ल्स’, ‘टेबल्स अँड चेअर्स’ अशा जोड्या इतक्या वेळा कानावर पडतात की दोन्हीकडे ‘एस’ असणं हाच नियम वाटू लागतो.

वचनाचा खरा व्यवहार चालतो तो नाम आणि त्याच्या लगेच आधी येणारा शब्द यांच्यात. ‘अ’, ‘ॲन’, ‘धिस’, ‘दॅट’, ‘ईच’, ‘एव्हरी’, ‘अनदर’ हे शब्द एकवचनाचे. ‘दीज’, ‘दोज’, ‘मेनी’, ‘सेव्हरल’, ‘बोथ’ आणि दोनपासून पुढच्या सगळ्या संख्या अनेकवचनाच्या. ‘द’, ‘माय’, ‘युअर’, ‘हिज’, ‘देअर’ असे काही शब्द दोन्हीकडे चालतात. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम सहसा एकटं उघडं उभं राहत नाही, त्याच्या आधी काहीतरी लागतंच. अनेकवचनी नाम मात्र खुशाल एकटं राहतं, आणि न मोजता येणारं नामही.

त्यामुळे एक गंमत होते. ‘विथ अ लेटर अँड फाइल्स’ चालतं, पण तेच उलटं करून ‘विथ फाइल्स अँड लेटर’ चालत नाही. दोन्हीकडे शब्द तेच, अर्थही जवळपास तोच. फरक एवढाच की पहिल्यात ‘फाइल्स’ला आधाराची गरज नाही आणि दुसऱ्यात ‘लेटर’ला आहे.

मसुदा तपासताना मी काय करते सांगते. जोडीतल्या पहिल्या नामाआधी जो शब्द आहे तो उचलून दुसऱ्या नामाला लावून बघते. ‘थ्री लेटर’? बसत नाही. म्हणजे ‘लेटर’ला स्वतःचा शब्द द्यायला हवा. ‘द टीचर्स अँड प्रिन्सिपल’ घ्या. ‘द प्रिन्सिपल’ बसतं, म्हणून एकच ‘द’ दोघांना पुरतो. ‘माय ब्रदर्स अँड सिस्टर’ मध्ये ‘माय सिस्टर’ बसतं, ठीक. ‘फॉर दीज बॉइज अँड गर्ल’ मध्ये ‘दीज गर्ल’ बसत नाही, तेव्हा ‘फॉर दीज बॉइज अँड धिस गर्ल’ असं पूर्ण लिहायचं. ‘ऑफ मेनी चेअर्स अँड टेबल’ याचीही तीच गत. हे करायला दोन सेकंद लागतात आणि निम्म्याहून अधिक घोळ इथेच मिटतो.

आपण मराठी माणसं नेमके इथे का अडखळतो याचं कारण सरळ आहे. ‘तीन फायली आणि पत्रासह’ हे मराठीत निर्दोष आहे. मराठीत ‘पत्र’ एकटं उभं राहू शकतं, आणि ‘सह’ शेवटच्या शब्दाला चिकटून आधीचं सगळं सांभाळून घेतं. इंग्रजीत सांभाळणारा शब्द सुरुवातीला येतो आणि त्याची सत्ता पुढे कुठवर चालते याची खूण वाक्यात कुठेच नसते. ही खूण वाचणाऱ्याला द्यायची तर ती ‘अ’, ‘द’ अशा बारक्या शब्दांतूनच द्यावी लागते. आपल्याला ते शब्द शोभेचे वाटतात आणि घाईत आपण नेमके तेच गाळतो.

आता क्रमाबद्दल. एकवचन आधी की अनेकवचन आधी, असा नियम इंग्रजीत नाही. पण तुमच्या वाक्यात मी क्रम बदलला असता: ‘विथ अ लेटर अँड थ्री फाइल्स’. कारण असं की पहिल्या नामाआधीची संख्या किंवा विशेषण दुसऱ्या नामावरही सांडतं. ‘थ्री फाइल्स अँड लेटर्स’ म्हणजे पत्रं किती? तीन, की कितीही? ‘ओल्ड फाइल्स अँड लेटर्स’ मध्ये पत्रं जुनी आहेत की नाहीत? वाचणारा अंदाज करतो, आणि हिशोबाच्या कागदात अंदाज परवडत नाही. दुसऱ्या नामाआधी त्याचा स्वतःचा ‘अ’ किंवा ‘द’ आला की तिथे कुंपण पडतं. ‘ओल्ड फाइल्स अँड अ लेटर’ मध्ये पत्राला जुनं म्हटलेलं नाही. आणि एकवचन आधी, संख्येसकट अनेकवचन नंतर, असं लिहिलं तर कुंपणाचीही गरज उरत नाही, कारण संख्या तिच्या आधीच्या नामावर सांडत नाही. शिवाय वाक्य कानालाही बरं लागतं. आखूड तुकडा आधी आणि लांब तुकडा नंतर ही प्रवृत्ती जर्मन भाषातज्ज्ञ ओटो बेहागेल यांनी १९०९ साली नोंदवून ठेवली आहे, आणि इंग्रजी तिला बऱ्यापैकी जागते. ‘विथ अ लेटर अँड थ्री सील्ड फाइल्स फ्रॉम द अकाउंट्स डिपार्टमेंट’ हे म्हणून बघा, मग उलटं करून म्हणा.

सामायिक ‘द’ बद्दल एक बारकावा. ‘विथ द ओनर अँड मॅनेजर’ म्हटलं तर मालक आणि व्यवस्थापक एकच व्यक्ती असू शकते. करारात यावरून खरोखर वाद होऊ शकतो, म्हणून तिथे दोन माणसं असतील तर मी दुसरा ‘द’ घालतेच. पण ‘विथ द ओनर्स अँड मॅनेजर’ मध्ये हा धोका नाही. अनेक मालक आणि एक व्यवस्थापक मिळून एक व्यक्ती होऊच शकत नाही. म्हणजे जी वचनांची सरमिसळ साहेबांना खटकली, तीच इथे अर्थ स्पष्ट करते. तरीही औपचारिक लिखाणात दुसरा ‘द’ घालायला माझी ना नाही. त्याने बिघडत काही नाही.

अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. तुम्ही कुठेतरी ‘बिट्वीन पेरेंट्स अँड चाइल्ड’ किंवा ‘बिट्वीन टीचर अँड स्टुडंट्स’ वाचाल आणि म्हणाल, इथे ‘चाइल्ड’ उघडं, ‘टीचर’ उघडं, मग आमच्या ‘लेटर’नेच काय पाप केलं? दोन नामं एकमेकांची ठरलेली जोडी असतील, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थच नसेल, तर इंग्रजी आर्टिकल, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ हे शब्द, गाळू देते: ‘विथ नाइफ अँड फोर्क’, ‘बिट्वीन हजबंड अँड वाइफ’, ‘बिट्वीन डॉक्टर अँड पेशंट’. अशा जोडीत एक बाजू अनेकवचनी झाली तरी ही सवलत टिकू शकते. पण फायली आणि पत्र ही ठरलेली जोडी नाही, ती फक्त एका पार्सलात एकत्र आली आहेत. कुठली जोडी ठरलेली मानायची हे थोडं कानावर आणि थोडं संदर्भावर अवलंबून आहे. शंका आली की आर्टिकल घाला. घातल्यामुळे चूक होण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

आता सहकाऱ्यांच्या सूचनेकडे वळू. ‘विथ थ्री फाइल्स अँड विथ अ लेटर’ हे चूक नाही, इथे फक्त विनाकारण जड आहे. पण प्रिपोझिशन पुन्हा लिहिण्याने काही वेळा अर्थ खरोखर बदलतो. ‘वी रोट टू द क्लायंट्स अँड द मॅनेजर’ म्हटलं की एकच पत्र सगळ्यांना गेलं असावं असं वाटतं. ‘टू द क्लायंट्स अँड टू द मॅनेजर’ म्हटलं की दोन स्वतंत्र पत्रं डोळ्यांसमोर येतात. पहिलं नाम लांबलचक असेल, मध्ये ‘हू’, ‘विच’ची शेपटी असेल, तर प्रिपोझिशन पुन्हा लिहावंच. नाहीतर दुसरं नाम कशाला जोडलंय ते वाचणाऱ्याला मागे जाऊन शोधावं लागतं. ‘बिट्वीन’ मात्र कधीही दोनदा लिहू नका. त्याचा अर्थच दोन बाजूंवर उभा आहे.

प्रिपोझिशनची सत्ता कुठे संपते यावरून किती पैसे जाऊ शकतात याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या मेन (Maine) नावाच्या राज्याच्या कायद्यात कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही याची यादी होती आणि तिचा शेवट असा होता: ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ’, आणि त्यापुढे मालाचे प्रकार. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, ‘फॉर’ची सत्ता दोन्ही नामांवर आहे, म्हणजे यादीत आहे ते फक्त पॅकिंग. आम्ही पॅकिंग करत नाही, माल वाटतो, तेव्हा आम्हाला ओव्हरटाइम द्या. कंपनी म्हणाली, ‘फॉर’ ‘शिपमेंट’पाशी संपतो आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे यादीतलं वेगळं काम आहे. २०१७ च्या मार्चमध्ये अपील कोर्टाने मजकूर संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं. बातम्यांमध्ये सगळा दोष स्वल्पविरामावर गेला. माझ्या मते निम्मा दोष त्या ‘फॉर’चा होता.

असेच आणखी दोन सापळे आहेत. पहिला ‘वन ऑफ’चा. ‘अ नोट फ्रॉम वन ऑफ द टीचर्स अँड द प्रिन्सिपल’ ही चिठ्ठी कोणाची? शिक्षकांपैकी एकाची आणि मुख्याध्यापकांची, की या सगळ्यांपैकी कोणा एकाची? इथे आर्टिकल घालून भागत नाही, क्रमच बदलावा लागतो: ‘फ्रॉम द प्रिन्सिपल अँड वन ऑफ द टीचर्स’. एकवचन पुढे आणलं की गाठ सुटते.

दुसरा ‘विदाउट’चा. ‘विदाउट द कीज अँड द कार्ड’ म्हटलं की दोन्ही एकदम नसणं असा अर्थ निघू शकतो, म्हणजे नुसत्या किल्ल्या असल्या तरी चालेल की काय अशी शंका उरते. यातलं एकही नाही असं म्हणायचं असेल तर ‘ऑर’ वापरा: ‘विदाउट द कीज ऑर द कार्ड’. सूचनाफलकांवर आणि नियमावल्यांमध्ये हा फरक मी हटकून तपासते.

प्रिपोझिशनच्या आधीच्या नामाचं वचन हाही एक मुद्दा तुम्हाला पुढे लागेलच. ‘द नेम्स ऑफ द स्टुडंट्स अँड द टीचर’ मध्ये ‘नेम्स’ अनेकवचनी, कारण प्रत्येकाचं नाव वेगळं. पण ‘द प्राइस ऑफ द चेअर्स अँड द टेबल’ म्हटलं की वाचणारा बहुधा सगळ्यांची मिळून एक किंमत समजतो, आणि ‘द प्रायसेस ऑफ’ म्हटलं की वेगवेगळ्या किमती. कोटेशन लिहिताना हा एक ‘एस’ फार बोलतो. तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय त्यावर तो अवलंबून आहे, व्याकरण दोन्हीला परवानगी देतं.

शेवटी तुमची स्वतःची शंका, ‘वॉज’ की ‘वेअर’. क्रियापद प्रिपोझिशननंतरच्या नामांकडे बघत नाही, ते प्रिपोझिशनच्या आधीच्या नामाकडे बघतं. ‘द पार्सल विथ अ लेटर अँड थ्री फाइल्स’ मध्ये कर्ता पार्सल, म्हणून ‘वॉज’. ‘द लिस्ट ऑफ द फाइल्स अँड द लेटर इज’. मधली नामं दोन असोत की वीस. तरी तुम्हाला ‘वेअर’ लिहावंसं वाटलं यात नवल नाही, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही वाटतं. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना ‘द की टू द कॅबिनेट्स’ अशा धर्तीचे तुकडे देऊन वाक्य पुरं करायला सांगितलं होतं. कर्ता एकवचनी आणि प्रिपोझिशनमागचं नाम अनेकवचनी असलं की क्रियापद अनेकवचनाकडे घसरायचं. उलट परिस्थितीत, म्हणजे ‘द कीज टू द कॅबिनेट’ अशा तुकड्यांत, हे घसरणं फारच कमी. म्हणून तपासताना मी क्रियापदाच्या लगेच आधी ‘एस’वालं नाम दिसलं की थांबते, मागे जाऊन खरा कर्ता शोधते. क्रम बदलल्यावर तुमच्या वाक्यातही ‘फाइल्स’ क्रियापदाला खेटून येते, तेव्हा तिथे सावध राहा.

याला अपवाद प्रमाण सांगणाऱ्या शब्दांचा. ‘अ लॉट ऑफ’, ‘अ नंबर ऑफ’, ‘हाफ ऑफ’ यांच्यानंतर क्रियापद ‘ऑफ’नंतरच्या नामाकडे बघतं. ‘अ नंबर ऑफ फाइल्स आर मिसिंग’, पण ‘द नंबर ऑफ फाइल्स इज स्मॉल’. ‘हाफ ऑफ द रिपोर्ट इज’, ‘हाफ ऑफ द चॅप्टर्स आर’. ‘ऑफ’नंतर एकवचन आणि अनेकवचन ‘अँड’ने जोडलेलं असेल, तर सहसा अनेकवचनी क्रियापद घ्यावं.

आणि ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’ हे ‘अँड’ नव्हेत. ‘द मॅनेजर, अलाँग विथ टू असिस्टंट्स, इज कमिंग’ हे औपचारिक लिखाणात बरोबर, पण तीन माणसं येत असताना ‘इज’ वाचायला कसंसंच वाटतं आणि वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी ते ‘दुरुस्त’ करून परत पाठवतोच. अशा ठिकाणी मी वाद घालत बसत नाही. सरळ ‘द मॅनेजर अँड टू असिस्टंट्स आर कमिंग’ करून पुढच्या ओळीकडे वळते.